शिरेतून दिलेली भूल: नाडी एक सांगते, पापणी दुसरंच

धागाकर्ता: रवंथ

भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीवरच्या धाग्यात एका ताईंनी विचारलं होतं, की ऑपरेशनच्या वेळी कुत्रीचे डोळे टक्क उघडे होते, पापणीला बोट लावलं की ती हलायची, मग तिला सगळं कळत होतं का? त्याच धाग्यात कुणीतरी ठासून लिहिलं होतं, "ठोके बरोबर होते म्हणजे भूल बरोबर होती." दोन्हींचं उत्तर एका ओळीत देता येत नाही आणि तिथेच लिहीत बसलो असतो तर मूळ विषयाचा विचका झाला असता, म्हणून हा वेगळा धागा. पशुवैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. मात्रा मुद्दाम लिहीत नाही. हे वाचून कुणी घरी सुई हातात घेऊ नये.

आधी रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया. मानेतली मोठी धमनी जिथे दुभंगते तिथे आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत, भिंतीवरचा ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब वाढला की भिंत ताणते, निरोप मेंदूच्या तळाशी लंबमज्जेत जातो, तिथून व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाचा वेग कमी होतो आणि रक्तवाहिन्या आवळून धरणारे सिंपथेटिक तंतू सैल सोडतात. दाब पडला की नेमकं उलटं. यातलं वेग कमी करण्याचं काम तर एकदोन ठोक्यांतच होतं. सियॉन आणि लुडविग यांनी १८६६ साली सशाच्या मानेत असा एक तंतू दाखवून दिला, ज्याला चेतवलं की दाब घसरायचा. पुढे गेंटच्या कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं, ते याच दोन जागा श्वसनावरही लक्ष ठेवतात हे दाखवल्याबद्दल. त्यांचं बरंचसं काम कुत्र्यांवर झालेलं आहे.

आता गोम अशी की शिरेतून दिलेलं प्रत्येक भूलऔषध या साखळीत वेगळ्या जागी हात घालतं.

प्रोपोफॉल घ्या. ते पांढरं, दुधासारखं दिसणारं. आयसीआय कंपनीत ते शोधणारे जॉन ग्लेन स्वतः पशुवैद्य होते, ही गोष्ट आमच्या वर्गात मी आवर्जून सांगायचो. पहिली आवृत्ती क्रेमोफोर नावाच्या द्रावकात होती. तिने ॲलर्जीसारखे झटके येऊ लागले म्हणून ती मागे घ्यावी लागली आणि मग सोयाबीन तेल व अंड्यातल्या लेसिथिनचं मिश्रण करून १९८६ साली औषध बाजारात आलं. ग्लेन यांना २०१८ साली लास्कर पुरस्कार मिळाला. प्रोपोफॉल मेंदूतल्या गाबा ग्राहकांवर (ग्राहक म्हणजे पेशीवरची, औषध जिथे जाऊन बसतं ती जागा) काम करतं, आणि त्याबरोबरच सिंपथेटिक तंतूंचा जोर कमी करतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, शिरांमध्ये रक्त साठतं, दाब उतरतो. अशा वेळी हृदयाने धावायला हवं. ते फारसं धावत नाही, कारण औषधाने त्या प्रतिक्षिप्त क्रियेचा ठरलेला बिंदूच खाली आणलेला असतो. लंबमज्जेच्या दृष्टीने हा कमी दाबच योग्य दाब. म्हणजे नाडी मोजणाऱ्याला आकडा छान दिसतो आणि दाब मात्र बसलेला असतो.

थायोपेंटल हे जुनं बार्बिच्युरेट, १९३४ पासूनचं. तेही हृदयाच्या स्नायूचा जोर कमी करतं, पण इथे दाब उतरल्यावर ठोके वाढतात, कारण ती साखळी बऱ्यापैकी शाबूत राहते. कुत्र्यांत कधीकधी ठोके जोडीजोडीने पडू लागतात, एक नेहमीचा आणि त्याला चिकटून एक अवेळी. ऐकणारा दचकतो. बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं.

केटामिन या दोघांच्या अगदी उलट चालीचं. १९६२ साली कॅल्विन स्टीव्हन्स यांनी अमेरिकेत पार्क-डेव्हिससाठी ते बनवलं. ते एनएमडीए ग्राहक अडवतं आणि मेंदूच्या वरच्या थरांचा बाकी मेंदूशी असलेला ताळमेळ तोडतं. सिंपथेटिक यंत्रणा चेकाळते, ठोके वाढतात, दाब वाढतो. पापणी हलते, जनावर गिळतं, खोकतं, स्नायू ताठ, डोळे उघडे, बुबुळं कधी हेलकावतातही. म्हणजे ज्या खुणांवरून बाकीच्या औषधांत भुलीची खोली जोखायची, त्या बहुतेक खुणा इथे निकामी. त्या ताईंच्या कुत्रीला बहुधा झायलाझिन हे गुंगीचं औषध आणि केटामिन दिलेलं असणार, आपल्याकडे नसबंदीच्या शिबिरांत ही जोडी खूप वापरतात. उघडे डोळे आणि हलणारी पापणी यावरून तिला कळत होतं असं म्हणता येत नाही. कळत नव्हतं असंही त्याच पुराव्यावर म्हणता येत नाही. बघायचं असतं ते वेगळंच: बीजकोश वर ओढताना ठोके आणि श्वास एकदम उसळले का? त्या ऑपरेशनमधला सगळ्यात दुखरा क्षण तोच.

झायलाझिनबद्दल कुणी विचारलं तर लिहीन, तो मोठा अध्याय आहे.

---

बोक्याची_आई

रवंथकाका, धाग्याबद्दल खूप आभार. माझ्या बोक्याच्या नसबंदीनंतर डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत मलम घातलेलं होतं आणि मी उगाच घाबरले होते, की डोळ्याला काय झालं. ते याचसाठी का? आणि एक, प्रोपोफॉल दिलं असतं तर वेदना कमी झाल्या असत्या का? आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे म्हणतात की ते महाग आणि चांगलं.

---

रवंथ

होय ताई, याचसाठी. केटामिनखाली मांजर पापण्या मिटत नाही, बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम होऊ शकते. मलम घातलं म्हणजे डॉक्टर जागरूक आहेत.

प्रोपोफॉलने शुद्ध जाते, वेदना थांबत नाही. चाकू लागला की मज्जारज्जूतून निरोप वर जातोच आणि बेशुद्ध जनावराचेही ठोके नि दाब वाढतात. म्हणून सोबत वेदनाशामक लागतं. उलट केटामिन थोड्या मात्रेतही वेदना चांगली कमी करतं, विशेषतः कातडी-स्नायूंची. तेव्हा महाग म्हणजे चांगलं हे इथे चालत नाही. शिवाय मांजराचं यकृत फिनॉल जातीचे पदार्थ हळू निकालात काढतं. रोज रोज प्रोपोफॉल दिलं तर तांबड्या पेशींवर त्याचे घाव दिसतात आणि मांजर मलूल होतं. एका वेळेपुरतं दिलं तर चिंता नको.

बोक्याचं हृदय तपासलेलं आहे का? मांजरांत हृदयाची भिंत जाड होण्याचा आजार लपून असतो. अशा हृदयाला केटामिनने धावायला लावणं बरं नव्हे.

---

कारवानप्रेमी

सर, आम्ही मंगळवेढ्याकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या कारवानी कुत्री. वडलांच्या काळात एका कुत्र्याचा पाय शिवायला भूल दिली होती ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरली नाही. डॉक्टर म्हणाले हडकुळं जनावर आहे, अंगावर चरबी नाही, म्हणून. हे खरं का? आता एक कुत्री पोटुशी राहू नये म्हणून ऑपरेशन करायचं आहे आणि घरात सगळे भीती घालत आहेत.

---

रवंथ

अर्धं खरं. थायोपेंटल शिरेत गेलं की क्षणात मेंदूत पोचतं, कारण मेंदूला रक्त भरपूर. पण मग तेच रक्त ते मेंदूतून काढून स्नायूंकडे आणि सावकाश चरबीकडे नेतं. जनावर जागं होतं ते औषध संपल्यामुळे नव्हे, औषध दुसरीकडे पांगल्यामुळे. यकृत त्याचा निकाल नंतर कित्येक तास लावत बसतं. म्हणून जुने लोक म्हणायचे की चरबी नाही, औषधाला जायला जागा नाही. पुढे ग्रेहाउंडवर मोजमाप झालं तेव्हा दिसलं की त्या जातीचं यकृतच हे औषध फार हळू मोडतं, आणि उशिरा जाग येण्याचं मोठं कारण तेच. प्रोपोफॉलही त्यांच्यात जरा हळूच निघतं, पण थायोपेंटलइतका घोळ होत नाही.

कारवानी, पश्मी, मुधोळ ही सगळी नजरेने शिकार करणारी, त्याच बांध्याची कुत्री. मोजमाप ग्रेहाउंडवरचं असलं तरी शहाण्या डॉक्टराने त्यांनाही त्याच पंगतीत बसवावं. तुम्ही एवढंच सांगा, "डॉक्टर, कारवानी आहे, थायोपेंटल नको." बाकी ते बघतील. थंडीत ऑपरेशन असेल तर उठेपर्यंत अंगावर गोधडी असू द्या, या कुत्र्यांचं अंग लवकर गार पडतं आणि गार अंगात कुठलंही औषध हळूच उतरतं.

---

भूलथापा

मी माणसांचा भूलतज्ज्ञ, पण शेजारच्या पशुवैद्य मित्राच्या दवाखान्यात बरेचदा लुडबूड करतो. रवंथसरांनी रक्ताभिसरणावर औषधाचा परिणाम लिहिला. त्याची उलटी बाजू तितकीच महत्त्वाची आहे: रक्ताभिसरण औषधावर काय परिणाम करतं.

रक्तस्राव झालेलं, किंवा गर्भाशयात पू होऊन शॉकमध्ये गेलेलं कुत्रं समोर आहे. हृदयातून रक्त कमी बाहेर पडतंय. शरीर स्नायू, कातडी, आतडी यांचा पुरवठा कापून उरलेलं रक्त मेंदूला आणि हृदयाला राखून ठेवतं. म्हणजे टोचलेल्या औषधातला मोठा वाटा मेंदूत आणि हृदयात जाणार. त्यातून हाताच्या शिरेपासून मेंदूपर्यंत पोचायलाच त्याला जास्त वेळ लागणार. नवखा डॉक्टर टोचतो, दहा सेकंद थांबतो, कुत्रं अजून मान वर करतंय म्हणून आणखी टोचतो. मग दोन्ही मात्रा एकामागून एक पोचतात आणि श्वास बंद, नाडी बारीक. औषध तेच, मात्रा पुस्तकातलीच. रक्तात आम्लता वाढली असेल किंवा प्रथिनं कमी असतील तर थायोपेंटलचा मोकळा, मेंदूत शिरणारा भाग आणखी वाढतो.

उपाय फार साधा आहे. हळू टोचा. थोडं टोचा, थांबा, बघा. प्रोपोफॉल मिनिटभर घेऊन दिलं तर श्वास बंद पडणं आणि दाब घसरणं दोन्ही कमी होतं. माणसांत हेच, कुत्र्यांत हेच. मात्र हे शिकवायला गेलं की सगळे माना डोलावतात आणि टेबलावर घाई करतात.

---

गोठा_ते_गोठा

रवंथसर, झायलाझिनचा अध्याय काढाच. मी फील्डवरचा माणूस. झायलाझिन दिलं की कुत्र्याचे ठोके निम्म्यावर येतात, मधेच ठोका गळतो. मी ठोके वाढवायला सरळ ॲट्रोपिन देतो, बहुतेक वेळा आधीच. आम्हाला कॉलेजात हेच शिकवलं. आता नवीन पोरं येऊन सांगतात की देऊ नका. ठोके तीस-चाळीसवर बघत बसायचं का?

---

रवंथ

हा वाद मीही बऱ्याच वेळा घातलाय, दोन्ही बाजूंनी.

झायलाझिन १९६२ साली जर्मनीत बायरने बनवलं. ते अल्फा-दोन ग्राहकांवर बसतं आणि हे ग्राहक दोन ठिकाणी असतात. एक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, दुसरे मेंदूत. शिरेतून दिल्यावर पहिली काही मिनिटं वाहिन्या आवळल्या जातात. दाब चढतो. मग धमनीतली ती ताण ओळखणारी टोकं आपलं काम चोख करतात आणि व्हेगसमार्फत हृदयाला मंद करतात. म्हणजे या वेळचे मंद ठोके हा आजार नाही, वाढलेल्या दाबाला दिलेलं निरोगी उत्तर आहे. तुम्ही ॲट्रोपिनने व्हेगसचं तोंड बांधलंत की आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध हृदय धावू लागतं. दाब आणखी चढतो, हृदयाच्या स्नायूची प्राणवायूची भूक वाढते. आकडा सुधारला, जनावराचं भलं झालं नाही.

नंतरच्या टप्प्यात वाहिन्यांचा आवळ सुटत जातो आणि मेंदूतल्या ग्राहकांचा परिणाम उरतो. सिंपथेटिकचा जोर कमी, ठोके मंद, दाब बेताचा किंवा कमी. इथे ठोकेही कमी आणि दाबही कमी असेल तर ॲट्रोपिनला अर्थ आहे. नाहीतर योहिम्बिन किंवा अटिपामेझोल देऊन झायलाझिनच उतरवावं. मात्र केटामिनचा अंमल ओसरण्याआधी ते उतरवलंत तर मागे उरतं ते नुसतं केटामिन, आणि ताठ झालेलं, हातपाय मारणारं कुत्रं.

पहिल्या टप्प्यात दाब चांगला दिसतो म्हणून खूश होऊ नका, हेही सांगतो. नळाच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार लांब जाते, बादली मात्र उशिरा भरते. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारं रक्त या औषधाने बरंच कमी होतं. हिरड्या पांढुरक्या दिसतात, जिभेला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा भलतेच आकडे दाखवतो.

---

गोठा_ते_गोठा

पटतंय, पण अर्धंच. शिबिरात दिवसाला रांग लागलेली असते, दाब मोजायचं यंत्र नाही. पहिला टप्पा संपला का दुसरा चालू आहे हे मला कोण सांगणार? शिवाय आम्ही स्नायूत टोचतो. पिसाळल्यासारख्या कुत्र्याची शीर कोण पकडून देतो?

---

रवंथ

स्नायूत टोचलं की पहिला टप्पा सौम्य होतो, हे तुमच्या बाजूचं आहे, मान्य. यंत्र नसेल तर मांडीच्या आतल्या नाडीवर बोट ठेवा. मंद पण भरलेली नाडी असेल तर हात आवरा. मंद आणि बारीक असेल तर द्या. आणि पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांत व्हेगसचा जोर मुळातच जास्त असतो, तिथे मीही ॲट्रोपिन भरलेली सिरिंज हाताशी ठेवायचो.

---

गोठा_ते_गोठा

नाडीचं करून बघतो. आधीच देणं मात्र लगेच सोडेन असं कबूल करत नाही. :)

---

उंटावरचा_शहाणा

अवांतर: शिरेतून पहिलं औषध टोचलं ते कुत्र्यालाच, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? १६५६ साली ऑक्सफर्डला ख्रिस्तोफर रेन या गृहस्थाने, हो तोच, लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल नंतर बांधणारा, पिसाची पोकळ दांडी आणि प्राण्याच्या मूत्राशयाची पिशवी वापरून कुत्र्याच्या शिरेत अफूचं द्रावण सोडलं. सुईचा शोध लागायला अजून दोनशे वर्षं होती. कुत्रं गुंगलं. त्याला जागं ठेवण्यासाठी बागेत फटके मारत पळवलं म्हणे. रॉबर्ट बॉयलने हे लिहून ठेवलंय आणि शेवटी असंही लिहिलंय की कुत्रं बरं झालं, गुटगुटीत झालं, आणि या प्रयोगाने इतकं प्रसिद्ध झालं की कुणीतरी चोरून नेलं.

---

तर्कट

गुटगुटीत कुत्र्याची गोष्ट छान. पण स्टीफन हेल्सने घोडीच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी घालून, तिला उभी काचेची नळी जोडून रक्त आठ फुटांवर चढलेलं मोजलं, ते तिला बांधून, पाडून आणि पूर्ण शुद्धीत. १७३३ साली पुस्तकात छापलं. रक्तदाबाचं सगळं शास्त्र त्या घोडीपासून सुरू होतं. भुलीच्या औषधांचं कौतुक करताना हे विसरू नये. आणि माझा प्रश्न: भूल दिलेल्या जनावरावर प्रतिक्षिप्त क्रिया मोजायच्या, आणि भूल तर प्रतिक्षिप्त क्रियाच बदलते. मग गेल्या शंभर वर्षांचे आकडे खरे कुणाचे मानायचे? जनावराचे की औषधाचे?

---

खारूताई

तर्कट, नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. मी पुण्याची, सध्या परदेशात उंदरांच्या रक्तदाबावर काम करते.

हा प्रश्न जुन्या लोकांनाही पडला होता. म्हणूनच शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगांत अल्फा-क्लोरालोज हे भूलऔषध इतकं लाडकं झालं. त्यात रक्तदाबाच्या प्रतिक्षिप्त क्रिया बऱ्याच शाबूत राहतात, काही तर जास्तच तल्लख होतात. टेबलावर चिमटा पडला तरी प्राणी दचकतो. पण अंमल यायला आणि उतरायला फार वेळ लागतो, म्हणून जो प्राणी पुन्हा उठवायचा नाही त्याच्यासाठीच ते वापरतात. उंदरात युरेथेनचीही तीच गत. त्याने कर्करोग होतो, त्यामुळे प्रयोगानंतर प्राण्याला जिवंत ठेवायचं नसतं आणि आपणही हातमोजे घालून वागायचं असतं. पेंटोबार्बिटल दिलेल्या कुत्र्याचे ठोके आधीच वर असतात, कारण व्हेगसचा लगाम सैल झालेला असतो. अशा कुत्र्यावर कुणी लिहिलं की अमुक मज्जातंतू कापल्यावर ठोके वाढले नाहीत, तर मी विचारीन, वाढायला जागा उरली होती का? बेनब्रिजने १९१५ साली लिहिलं की कुत्र्याच्या शिरेत द्रव भरला की ठोके वाढतात. नंतर कुणाला वाढलेले दिसले, कुणाला घटलेले. ठोके मुळात किती होते यावर बरंच अवलंबून निघालं, आणि ते किती होते हे पुष्कळदा भुलीनेच ठरवलेलं.

आता आम्ही उंदराच्या पोटात छोटा प्रक्षेपक बसवतो, जखम भरू देतो आणि मग तो पिंजऱ्यात हिंडत असताना दाब मोजतो. भुलीखालचे आकडे आणि हे आकडे शेजारी ठेवले की जुने निबंध वाचायची पद्धतच बदलते. सगळे रद्द करायची गरज नाही. पहिली ओळ वाचायची: कोणती भूल, किती, कोणत्या वाटेने.

पापणीच्या मुद्द्यालाही थोडी भर. पायाचा चिमटा घेतल्यावर पाय मागे ओढणं ही मज्जारज्जूची क्रिया आहे, तिला शुद्ध लागत नाही. १९९३ साली रॅम्पिल यांनी उंदरांचा पुढचा मेंदू काढून टाकला तरी पाय थांबवायला वायूची भूल तेवढीच लागली. त्याच वर्षी अँटोग्निनी आणि श्वार्ट्झ यांनी शेळ्यांत भूल फक्त मेंदूपुरती पोचेल अशी योजना केली, तर हालचाल थांबवायला दुपटीहून जास्त लागली. म्हणजे भुलीखालचा निश्चल प्राणी निश्चल असतो तो बराचसा मज्जारज्जूमुळे.

---

रवंथ

खारूताई, फार सुंदर प्रतिसाद. याची रोजच्या दवाखान्यातली साक्ष म्हणजे मणक्याची गादी सरकलेला डॅशहाउंड. मागचे पाय लुळे. बोटाला चिमटा घेतला की पाय झटकन आखडतो आणि मालक आनंदाने म्हणतात, "कळतंय त्याला!" पण कुत्रं मान वळवून बघतही नाही, हूं की चूं करत नाही. पाय आखडला तो खालच्या मज्जारज्जूने. मेंदूपर्यंत काहीच गेलेलं नसतं.

तेव्हा कुत्र्यात प्रोपोफॉल किंवा थायोपेंटल असेल तर मी क्रमाने बघायचो: जबडा सैल झाला का, पापणी मंदावली का, डोळा खाली नाकाच्या बाजूला वळला का. डोळा पुन्हा मधोमध आला, पापणी पूर्ण गेली आणि बाहुली मोठी झाली तर फार खोल गेलंय. हलक्या भुलीतही डोळा मधोमधच असतो, फक्त तेव्हा पापणी हलते. एकटा डोळा बघून निकाल देणारा फसतो.

---

भूलथापा

आणि डोळ्यावरून आठवलं, डोळा ओढला की हृदय मंदावतं, तेही विसरू नका. पगचा डोळा बाहेर आला आणि तो आत बसवताना ठोके धाडकन पडले, हे मित्राच्या टेबलावर बघितलंय. पाचव्या मज्जातंतूने निरोप गेला, व्हेगसने उत्तर आलं. अशा वेळी आधी डोळ्यावरचा हात सोडायचा. बहुतेकदा ठोके लगेच सावरतात. इथे मात्र ॲट्रोपिन खुशाल द्या, गोठाभाऊंना शुभेच्छा.

---

शेतातला_माणूस

हे सगळं कुत्र्या-मांजराचं झालं. आमच्या म्हशीचं पोट डॉक्टरांनी उभ्या उभ्या कापलं, नुसती कमरेजवळ सुया मारून. तिला पुरी भूल का देत नाहीत? पैसे वाचवतात का?

---

रवंथ

उलट, ते तिच्या भल्याचं आहे. गाय-म्हैस आडवी पडली की पोटातला वायू ढेकर होऊन बाहेर पडत नाही. पोट फुगतं, पडदा वर दाबला जातो, मोठ्या शिरा दबतात आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. लाळ वाहतच राहते. घशाची प्रतिक्षिप्त क्रिया भुलीने गेलेली असेल तर पोटातला चारा वर येऊन फुफ्फुसात जातो. म्हणून जागीच बधिर करून उभ्याने ऑपरेशन करणं ही मोठ्या जनावरांतली चांगली रीत आहे.

झायलाझिन तर गाई-म्हशींना फार थोडं लागतं. घोड्याला किलोमागे शिरेतून जितकं देतात, त्याच्या दहाव्या हिश्शात गाय खाली बसते. घोड्याच्या हिशेबाने गाईला टोचलं तर काय होईल ते लिहायला नको. गाभण शेवटच्या महिन्यांत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, या औषधाने गर्भाशय आकुंचन पावतं.

घोड्याचं दुखणं तिसरंच. अवजड अंग एका कुशीवर, आणि दाब कमी. खालचे स्नायू रक्तावाचून सुजतात आणि उठताना घोडा पायावर उभाच राहू शकत नाही. म्हणून घोड्यात सरासरी दाब ७० च्या खाली जाऊ देत नाहीत. कुत्र्या-मांजरात ६० ही मर्यादा मानतात, तिथे मूत्रपिंडाची काळजी जास्त.

---

बोक्याची_आई

काका, मग शेवटी धोका किती? नुसतं वाचून झोप उडाली.

---

भूलथापा

रवंथसरांआधी मीच घुसतो. ब्रिटनमधली मोठी पाहणी आहे, २००८ साली प्रसिद्ध झालेली. भूल किंवा गुंगी दिलेल्या कुत्र्यांत मृत्यू सुमारे ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४, सशांत १.३९. घोड्यांत याहून बराच जास्त. हे तिथल्या सोयींचे आकडे, आपल्या शिबिराला जसेच्या तसे लावू नका. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मांजरांतले निम्म्याहून अधिक मृत्यू ऑपरेशन संपल्यावरचे होते, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांतले. सगळे हात धुऊन चहाला गेलेले असतात तेव्हाचे. दाब सांभाळणारी क्रिया अजून पूर्ण जागेवर आलेली नसते, अंग गार असतं, श्वास उथळ. ज्या मांजरांची नाडी आणि ऑक्सिजन कुणीतरी बघत होतं त्यांच्यात मृत्यू कमी आढळले.

---

कारवानप्रेमी

मग आमच्या कुत्रीला तीन तास तिथेच बसवून ठेवतो, घाई करत नाही. अजून एक सर. मागच्या वेळी जखमेसाठी तिला गुंगी देऊन मग रक्त तपासायला घेतलं. रिपोर्टात रक्त कमी आलं. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. पण आधीच्या रिपोर्टात तर चांगलं होतं, आणि खायला प्यायला तिला काही कमी नाही.

---

रवंथ

गुंगीला कोणतं औषध होतं ते कागदावर बघा. कुत्र्याची प्लीहा म्हणजे तांबड्या पेशींचं कोठार. घाबरलं किंवा धावलं की सिंपथेटिकच्या इशाऱ्यावर ती आवळते आणि पेशी रक्तात सोडते. ॲसप्रोमेझिनने आणि थायोपेंटलने ती सैल पडते, फुगते आणि पेशी आत ओढून घेते. रक्ताचा आकडा खाली येतो, जनावर मात्र जसं होतं तसंच. प्रोपोफॉलने किंवा केटामिन-डायझेपामने प्लीहा अशी फुगलेली फारशी दिसत नाही.

या वेळी रक्त भूल देण्याआधी काढायला सांगा. पोटाची सोनोग्राफी होणार असेल तर ती करणाऱ्यांनाही औषधाचं नाव सांगा, नाहीतर मोठी प्लीहा बघून ते भलत्याच आजाराच्या मागे लागतील. आणि ग्रेहाउंडांच्या रक्तात तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा मुळातच जास्त असतात. तुमच्या कारवानीत तसं असेल तर तिचा चांगला असतानाचा जुना रिपोर्ट सोबत न्या, छापील मर्यादेपेक्षा त्याच्याशी तुलना केलेली बरी.

---

कारवानप्रेमी

कागद सापडला. ॲसप्रोमेझिनच आहे. जुना रिपोर्ट आणि हा, दोन्ही सोमवारी घेऊन जातो.